अण्णांचा उपवास

चालतं दुकान विकायला काढलं की घेणारा पहिल्यांदा एकच विचारतो: चांगलं आहे तर विकता कशाला? निलंग्याहून आलेल्या त्या गृहस्थांनीही तेच विचारलं. ओव्हन, डीप फ्रीजर, टेबलं, सगळं हात लावून पाहून झाल्यावर ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, समदं तर ठीक दिसून राहिलं. मग इकायलाव कशाला?"

उत्तर मी घरूनच पाठ करून आले होते. घराकडे लक्ष द्यायला होत नाही, यांच्या क्लासच्या वेळा वेगळ्या, माझ्या दुकानाच्या वेगळ्या, ओढाताण होते. त्यांना ते लगेच पटलं. बाईमाणसानं घराचं कारण पुढे केलं की ते सगळ्यांना पटतं, कुणी उलटतपासणी करत नाही. माझे मिस्टर शेजारी बसले होते. ते छताकडे बघत राहिले.

दुकान पिझ्झाचं होतं. पुण्याच्या एका कंपनीची फ्रँचायझी. म्हणजे पाटी त्यांची, चव त्यांची, डोक्यावरच्या टोप्यासुद्धा त्यांच्या. भाडं, घाम आणि काळजी आपली. लातुरात पिझ्झा खाणारी पोरं क्लासेसच्या भागात असतात, पण तो भाग कंपनीनं आधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. माझ्या वाट्याला जुन्या बाजारपेठेजवळचा रस्ता आला. तिथं आडत व्यापारी, कापडवाले, सराफ. त्यातली निम्मी घरं आमच्याच समाजाची, लिंगायतांची, अंड्याच्या केकचा वास आला तरी खिडकी लावून घेणारी.

कंपनीचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, चिकन ठेवलं नाही तर धंदा निम्मा होईल." मी म्हटलं, "इथं चिकन ठेवलं तर धंदा सुरूच होणार नाही." कंपनीकडे शुद्ध शाकाहारी दुकानाचीही सोय होती, हिरव्या पाटीची. मी ती घेतली. माहेरच्या पाटल्या मोडल्या, पुण्याला जाऊन शिकून आले आणि दुकान लावलं. तो निर्णय बरोबरच होता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, हैदराबादचे डॉक्टर झाले. एक दिवस मी घरात सांगून टाकलं की आता बस. पण घरात बसलं की येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. मला सकाळी उठून अशा ठिकाणी जायचं होतं, जिथं आलेला माणूस फक्त 'किती वेळ लागेल?' असं विचारेल आणि ते पिझ्झाबद्दल असेल. दुकानाचा मोह मला यासाठी पडला. धंदा वगैरे नंतरचं.

आता अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल. नांदेडला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, पण त्यांची ओळख भांड्यांमुळे नाही. अण्णा पंगतीचे माणूस. नांदेडपासून उदगीरपर्यंत समाजात कुठंही लग्न असो, आचारी कढई उतरवायच्या आधी अण्णांना बोलावणं जायचं. ते तळहातावर थोडी भाजी घ्यायचे, डोळे मिटून जिभेवर टेकवायचे आणि म्हणायचे, "मीठ बरोबर हाय." ते शब्द कानावर पडले की वाढपी बादल्या उचलायचे. एका लग्नात अण्णांनी वांग्याची भाजी परत पाठवली होती, तेव्हा नवरदेवाचा बाप आचाऱ्याऐवजी अण्णांच्याच हातापाया पडत होता. जेवणाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे समाजात सही-शिक्का.

आणि हाच माणूस माझ्या घरचं पाणीही पीत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. हल्ली कोण पाळतं? माझ्या मैत्रिणींचे वडील लेकीकडे महिना महिना राहतात आणि भाजीला नावं ठेवतात. पण अण्णांच्या आईनं ही रीत पाळली होती, म्हणून अण्णा पाळतात. ते लातूरला आले की आधी बसस्टँडवर पोटभर खातात आणि मग घरी येतात. येताना पिशवीत नांदेडहून भरलेली पाण्याची बाटली. माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या फिल्टरकडे बघत, ते स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी पितात. आधी मला याचं हसू यायचं. मग राग येऊ लागला. पुढं पुढं ती बाटली दिसली की मी उठून स्वयंपाकघरात जायची, कारण मूल नाही हे तोंडानं न बोलणारं माझ्या घरी येणाऱ्यांत एवढंच एक माणूस होतं आणि त्यांची बाटली मात्र ते दरवेळी बोलून जायची.

उद्घाटनाला अण्णा आले. आई आली नाही, तिचे गुडघे दुखत होते. आमच्या जंगम स्वामींच्या हातून पूजा झाली, एकमेकांना शरणार्थ-शरणार्थ म्हणून झालं, रस्त्यावरचे सगळे व्यापारी बायकापोरांसह आले. लातूरला अण्णांना ओळखत नाही असं त्यातलं एकही घर नव्हतं. ओव्हनमधून पहिला पिझ्झा निघाला. मक्याचे दाणे, सिमला मिरची, पनीर आणि वर तार धरणारं चीज. आनंदाच्या भरात माझं भान सुटलं म्हणा, किंवा दुकान म्हणजे काही घर नव्हे असं मी गृहीत धरलं म्हणा, मी ती ताटली घेऊन सरळ अण्णांसमोर उभी राहिले. सगळे थांबले. पंगतीत थांबतात तसेच. आता अण्णा चाखणार, मान हलवणार आणि मग सगळे हात पुढं करणार.

अण्णांनी ताटलीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ताटली माझ्या हातात परत दिली.

कुणीतरी म्हणालं, "अण्णा, घ्या की! तुमी घेतल्याबिगर आमी कसं घ्यावं?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. खरं कारण बोलायचं तर भरल्या दुकानात, सुनाबाळांसमोर, 'माझ्या लेकीला मूल नाही' हे बोलावं लागलं असतं. ते त्यांना जमणारं नव्हतं. ते म्हणाले, "माझा आज उपास हाय."

बुधवार होता. आमच्यात सोमवार धरतात. बुधवारचा उपास कुणी ऐकला नव्हता, पण अण्णांचा शब्द म्हणून कुणी पुढं विचारलं नाही. लोकांनी पिझ्झा खाल्ला, छान म्हणाले, पोरांनी पुन्हा मागितला. अण्णा थोडा वेळ बसले, मिस्टरांच्या पाठीवर थाप मारली आणि नांदेडची गाडी गाठायला निघाले. पूजेच्या घाईत त्या दिवशी येतानाचं खाणं राहून गेलं होतं, सकाळपासून उपाशी होते बिचारे. बसस्टँडवर पोचल्यावर त्यांनी पुरीभाजी मागवली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं बोलून झाल्यावर कसं वागायचं ते ठाऊक नसतं. शेजारच्या बाकावर आमच्याच उद्घाटनाला आलेले एक आडत व्यापारी मेव्हणीला निलंग्याच्या गाडीत बसवायला आले होते. त्यांनी अण्णांना पुऱ्या खाताना बघितलं.

हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. दुकान सुरुवातीला बरं चाललं. मग संध्याकाळची कुटुंबं यायची कमी झाली. जी यायची ती काउंटरवर वाकून विचारायची, "चिकन न्हाई ना इथं?" मी हिरवी पाटी दाखवायची. "आन् चीजमधी काय असतंय?" मी पाकीट आणून त्यावरची हिरवी खूण दाखवायची. ते खूण बघायचे, मान डोलवायचे आणि पोराला आइस्क्रीम घेऊन द्यायला पलीकडच्या दुकानात जायचे. मी कंपनीला फोन करून करून थकले. कंपनीनं ऑफर लावायला सांगितली. मी एकावर एक फुकट दिला, तर लोकांना आणखीच संशय आला. फुकट देऊन राहिली म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय.

शेवटी यांच्या आत्यानं मला सांगितलं. ती निलंग्याची, तोंडानं फाटकी पण मनानं बरी. दुकानात आली, पंख्याखाली बसली, मी पुढं ठेवलेल्या पिझ्झाला हात न लावता म्हणाली, "गावात काय बोलून राहिलेत, ठावं हाय का तुला? तुझ्या बापानं नुसत्या वासावरून वळखलं म्हनं, चीजमधी कायतरी हाय. त्यो मानूस लेकीचा अपमान नको म्हनून उपास हाय म्हनला, आन् ष्ट्यांडावर जाऊन पुऱ्या खाल्ल्या. आता बापानंच तोंडाला लावलं न्हाई, तर लोक कसं खातेल?"

मी तिला म्हटलं, "आत्या, तुम्हाला तरी माहितीये ना अण्णा माझ्याकडे का खात नाहीत?"

आत्यानं खुर्ची जवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला ठावं हाय. मी कुनाकुनाला सांगू? आन् तुला चालंल का मी सांगितलेलं?"

नसतं चाललं. खरं सांगते, मरण पत्करलं असतं पण ते चाललं नसतं. काउंटरवर उभं राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, की चीज चांगलं आहे हो, मला मूल नाही म्हणून वडील खात नाहीत. दुकान वाचवायला एवढं एकच वाक्य पुरेसं होतं, आणि ज्या वाक्यापासून पळायला मी दुकान काढलं होतं तेच नेमकं ते होतं. मला त्या दिवशी हसावं की रडावं कळेना.

दुसरा एक मार्ग होता. अण्णांनी एकदा, भर संध्याकाळी, दुकानात बसून एक तुकडा खायचा आणि मिठाबद्दल दोन शब्द बोलायचे. बस. अर्ध्या तासात बाजारभर झालं असतं.

मी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले. आईनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या, अंबाडीची भाजी केली. अण्णांनी दुकान नोकरावर सोपवलं आणि माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले. माहेरी मी कितीही खाल्लं तरी त्यांना कमीच वाटतं. "घे की माय, अजून अर्धी घे," म्हणत त्यांनी भाकरीवर तेल सोडलं. मी मान खाली घालून म्हटलं, "अण्णा, एकदा दुकानात येऊन माझा पिझ्झा खा ना."

ते हसले. "खाईन की. नातवाच्या बारशाला येतो, तवा तूच बस कर म्हणशील."

"आत्ता खा ना अण्णा. हल्ली कुणी पाळत नाही हे. दुकान काय घर आहे का?"

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, आईनं हात तसाच धरला होता. मग अण्णा म्हणाले, "तू म्हणतीस ते बरोबर हाय. कुणी पाळत न्हाई. मलाबी रीतीचं एवढं काय न्हाई माय. पण आज मी तुझ्याकडलं खाल्लं, म्हणजे मी आशा सोडली असं होईल. मी न्हाई सोडली आजून."

घरात भाकरी करपल्याचा वास सुटला. मी सांगायला गेलेलं सांगितलंच नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. तुमच्या उपासानं माझं दुकान बसलं, एवढं म्हटलं असतं तर अण्णा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लातूरला आले असते आणि दुकानाच्या मधोमध बसून अख्खा पिझ्झा संपवला असता. आणि त्या घासाबरोबर, अख्ख्या जगात माझ्या बाजूनं वाट बघणारं एकुलतं एक माणूस वाट बघायचं थांबलं असतं. मला ते नको होतं. मी स्वतः आशा सोडली होती, पण कुणीतरी ती धरून बसलंय याचा मला आधार होता, हे मला त्या पाटावर बसल्यावर कळलं. परत येताना वाटेतल्या लोह्यापर्यंत मी रडू आवरलं. पुढं नाही आवरलं.

मिस्टर म्हणाले, "मी जाऊन सांगू का अण्णांना?" मी त्यांच्यावर इतकी ओरडले की ते दोन दिवस माझ्याशी बेतानंच बोलत होते. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी दुकान ओढलं. ओव्हन तापवून ठेवायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचं. मग विकायला काढलं.

निलंग्याचे गृहस्थ सरळ होते. त्यांचं तिकडं आइस्क्रीमचं दुकान चांगलं चाललं होतं. कंपनीनं त्यांना पसंत केलं, ते पुण्याला शिकून आले. किल्ली देण्याच्या दिवशी मी ओव्हन स्वतः पुसला. त्याचं एक बटण अडकायचं, ते कसं दाबायचं ते त्यांना तीनतीनदा दाखवलं. ते म्हणाले, "ताई, कळलं," तरी मी पुन्हा दाखवलं. आपल्या हातची वस्तू दुसऱ्याला देताना माणूस असंच वागतं.

पाटी तीच, चीज तेच, फ्रीजर तोच. आणि दुकान चाललं. मी भाजी आणायच्या निमित्तानं तिकडून जायची, तर बाहेर मोटारसायकली लावलेल्या. कारण कळायला वेळ लागला नाही. नव्या मालकांचे म्हातारे वडील रोज संध्याकाळी पांढरी टोपी आणि धोतर घालून दारापाशी खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांच्या देखत एक तुकडा खातात. कवळी सांभाळत, सावकाश. कुणी चीजचं विचारलं की म्हणतात, "मी रोज खाऊन राहिलो की. मला काय झालं?" लोकांचा विश्वास बसतो. मुलाच्या घरचं खायला कुठल्याच बापाला बंदी नसते. मला त्यांचं चांगलं झालेलं बघून आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर माझा नुसता जळफळाट झाला. मी त्या रात्री जेवले नाही.

गेल्या महिन्यात समाजातलं एक लग्न होतं, अण्णा लातूरला येणार होते. दुपारी मला त्या गृहस्थांचा फोन आला. "ताई, तुमचे वडील दुकानात येऊन बसलेत."

मी चप्पल घालून तशीच निघाले. काचेतून मला ते दिसले. अण्णा आणि ते टोपीवाले आजोबा एका टेबलावर समोरासमोर बसले होते, मध्ये पिझ्झा. अण्णांनी पायाशी नांदेडची पिशवी ठेवली होती. ते भाकरीसारखा तुकडा मोडत होते, चीजची तार बोटाला गुंडाळून तोंडात घालत होते. मी आत जाऊन शेजारी बसले तरी त्यांचं खाणं थांबलं नाही.

"तुझ्याकडं यायच्या आधी कुठंतरी खायाचंच असतंय," ते म्हणाले. "म्हणलं, आता हितंच खावं. लई दिवसांपासून मनात होतं. त्या दिवशी काय सुटला होता वास! पुरीभाजी खाताना सुदिक त्योच नाकात बसला होता."

मी टेबलावरचा कागद त्यांच्या हाताजवळ सरकवला.

त्यांनी शेवटचा तुकडा उचलला, डोळे मिटून सावकाश चावला. आजूबाजूच्या टेबलांवर दोनतीन ओळखीची घरं बसली होती, तीही बघत होती. अण्णा मान हलवून, पंगतीत बोलतात तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "मीठ बरोबर हाय."

मग माझ्याकडे वळले. हात कागदाला पुसत, अगदी साधेपणानं विचारलं, "एवढं चांगलं होतं, तर इकलंस कशाला गं माय?"

घराकडे लक्ष द्यायला होत नव्हतं, हे पाठ केलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. मी उठले आणि कोपऱ्यातल्या फिल्टरचं पाणी ग्लासात भरून आणलं. तो फिल्टर मीच बसवून घेतला होता. अण्णांनी पिशवीतल्या बाटलीकडे हात नेला, मग थांबले. हे दुकान आता माझं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या हातातून ग्लास घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.